सारखं भुताच्या घराचं स्वप्न पडत असेल तर काय करायचं, माझ्या अनुभवावरून

गेल्या पावसाळ्यात मला दीडेक महिना एकच स्वप्न पडत होतं, रोज नाही पण आठवड्यातून तीनदा तरी. आमचं सिंधुदुर्गातलं घर, चिऱ्याचं, नळ्यांचं, रात्रीची वेळ, लाईट गेलेली. मी खळ्यातून ओटीवर येतो, हातात बॅटरी आहे पण सेल मरायला टेकलेत. आतून घर्र घर्र आवाज येतोय. माजघरात जात्यावर एक बाई पाठमोरी बसलीये, काळं लुगडं, केस मोकळे, आणि जात्यातून पिठाऐवजी राख पडतेय. मी तिची पावलं उलटी आहेत का बघायला बॅटरी खाली मारतो (लहानपणी ऐकलेलं ना, हडळीची पावलं उलटी असतात) आणि बॅटरी नेमकी तेव्हाच विझते. मग मागीलदारी पळायचं, दार उघडायचं तर बाहेर परत पुढचीच ओटी, परत घर्र घर्र, असं तीन-चार वेळा फिरून शेवटी घामाने भिजून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जाग.

आता हे थांबलंय, म्हणजे जवळजवळ थांबलंय. काय काय केलं आणि कशाचा उपयोग झाला ते लिहितो.

आधी जाग आल्या-आल्या काय करायचं ते. फोन उचलू नका. मी हीच चूक दर वेळी करायचो, किती वाजले बघायला फोन घ्यायचा, मग एक रील, मग दुसरं, मग पाच वाजायचे आणि ऑफिसात दिवसभर डोळे जड, आणि झोप अपुरी पडली की पुढच्या रात्री स्वप्नं अजून ठळक पडतात, ते पण गंमतच आहे, मेंदू राहिलेला कोटा वसूल करतो म्हणा. त्यापेक्षा उठा, पाय जमिनीवर टेकवा, बारका दिवा लावा, पाणी प्या, पाच-दहा मिनिटं घरात फिरा. लगेच कूस बदलून डोळे मिटले तर कधीकधी स्वप्न सोडलं तिथूनच सुरू होतं, मला दोनदा झालंय. थोडं चालून आलं की धागा तुटतो. समोर दिसतील त्या वस्तूंची नावं मनात घ्यायची, मिक्सर, चपला, कॅलेंडर, गॅसचं सिलेंडर. येडपटासारखं वाटतं पण धडधड कमी होते.

आणि साडेतीन-चारला जाग येते म्हणजे ती "त्यांची" वेळ, हे डोक्यातून काढा. त्यामागचं कारण साधं आहे. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं असतं आणि त्यात एक टप्पा असा येतो की बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, त्याला रेम झोप म्हणतात. 1953 साली शिकागोमध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन या झोपेच्या दोन अभ्यासकांनी हे जगापुढे मांडलं. सगळ्यात ठळक स्वप्नं याच टप्प्यात पडतात आणि रात्र सरत जाते तसा हा टप्पा लांबत जातो, म्हणून मोठी, गोष्टीसारखी स्वप्नं पहाटेच्या बाजूलाच येतात. त्यातूनच थेट जाग आली की ती लक्षातही राहतात. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात ते बहुतेक यामुळेच सुरू झालं असावं, हा माझा अंदाज हां. या टप्प्यात भीतीशी संबंधित मेंदूचा भाग जोरात चालू असतो आणि "अरे हे शक्य नाही" असं सांगणारा पुढचा भाग सुस्तावलेला असतो, म्हणून जात्यातून राख पडतेय यात तिथे काहीच विचित्र वाटत नाही.

आता तुम्हाला नेमकं काय होतंय ते ओळखा कारण तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. एक, माझ्यासारखं वाईट स्वप्न, जाग येते, सगळं आठवतं. दुसरं, जाग आलीये, खोली दिसतेय, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही आणि छातीवर कोणीतरी बसलंय किंवा दारात उभं आहे असं वाटतं. गावाकडे याला सरळ भूत बसलं म्हणतात. खरं म्हणजे रेम झोपेत शरीराचे स्नायू सैल सोडलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरंच पलंगावरून पळालो असतो, तर तो सैलपणा जायच्या आधी डोळे उघडले की असं होतं. काही सेकंद, फार तर एखाद-दोन मिनिटं. तेव्हा ओरडायची धडपड करू नका, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा, श्वास सावकाश सोडा, आपोआप सुटतं. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, कुशीवर झोपायची सवय लावा. तिसरं लहान मुलांचं, झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांतच किंचाळत उठून बसतात, डोळे उघडे, पण आपल्याला ओळखत नाहीत आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. ते गाढ झोपेतलं असतं, स्वप्न नसतंच बऱ्याचदा. त्यांना गदागदा हलवून जागं करू नका, पडणार-लागणार नाहीत एवढं बघा आणि जवळ बसा. आणि सकाळी "काय दिसलं होतं रे, भूत होतं का" असं विचारून नवीन खाद्य पुरवू नका, आमच्या घरातल्या एका काकूंनी हे केलेलं, पोरगं आठवडाभर एकटं न्हाणीत जाईना.

आता मुख्य काम, आणि हे दिवसा करायचं. एक साधी वही घ्या. सकाळी चहाच्या आधी लिहायचं, चहा झाला की निम्मं उडून जातं. जसं दिसलं तसं लिहा, "मी ओटीवर आहे, बॅटरी मंद आहे" असं, जणू आत्ता घडतंय. अर्थ शोधू नका. स्वप्नात साप दिसला तर धनलाभ, दात पडला तर कोणीतरी जाणार, असली कोष्टकं ठेवा बाजूला, काही हाती लागत नाही. मी एक गोष्ट केली जी कोणी सांगितली नव्हती, मी त्या घराचा नकाशा काढला. ओटी, पडवी, माजघर, देवघर, वर माडी, मागीलदार, विहीर. आणि स्वप्नात दिसलेली प्रत्येक वस्तू तिथे मांडून बाजूला लिहिलं की ही आली कुठून.

आणि खरं सांगतो, निम्मी भीती तिथेच गळाली. जातं खरंच आहे आमच्याकडे, माडीच्या जिन्याखाली पडलेलं, वर पाट ठेवलेले असतात. राख म्हणजे आजी भांडी घासायला नारळाच्या करवंटीत ठेवायची ती. काळ्या लुगड्यातली बाई ओटीवरच्या फोटोतली पणजी, आम्ही पोरं संध्याकाळनंतर त्या फोटोखालून पळतच जायचो. दार उघडून परत तिथेच येण्याचं कोडं मात्र चार-पाच दिवसांनी सुटलं. त्या काळात घराच्या वाटणीवरून चुलत्यांचे आणि वडिलांचे रोज रात्री फोन चालायचे, सातबारावर नावं कोणाची, माडी कोणाची, मागीलदारची जागा कोणाची, आणि बोलणं फिरून फिरून तिथेच. मी स्पीकरवर ऐकत जेवायचो आणि मग झोपायचो. आणि ती घर्र घर्र? ती आमच्या बेडरूमच्या फॅनची होती. बेअरिंग गेलेलं. झोपेत कानावर पडणारा आवाज स्वप्नात घुसतो, अलार्मची शाळेची घंटा होते तसं. दीड महिना मी पंख्याला घाबरत होतो.

तुमच्या यादीत वेगळं निघेल. पुण्यातल्या माझ्या मित्राच्या स्वप्नात शनिवारवाडा यायचा. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला तिथे, आणि "काका मला वाचवा" ही हाक रात्री ऐकू येते ही गोष्ट शाळेच्या सहलीत ऐकल्याशिवाय कोणी मोठं होत नाही, त्यामुळे ते दृश्य डोक्यात तयारच असतं. आमच्याकडे कोकणात तर स्टॉकच मोठा, मुंजा पिंपळावर, समंध, देवचार, चकवा लागला की रात्रभर एकाच शेतात फिरायचं. स्वप्न त्यातूनच उचलतं. ज्याने हडळ कधी ऐकली नाही तो काही पावलं बघायला बॅटरी मारणार नाही.

यानंतरची पायरी म्हणजे स्वप्न बदलून लिहायचं. ही माझी आयडिया नाही, डॉक्टर लोक वापरतात ती पद्धत आहे. अमेरिकेत बॅरी क्रॅको नावाच्या डॉक्टरांनी न्यू मेक्सिकोत 168 बायकांवर याचा अभ्यास केला होता, लैंगिक अत्याचारातून गेलेल्या आणि सतत वाईट स्वप्नं पडणाऱ्या, 2001 साली तो छापून आला. ही पद्धत शिकलेल्यांची वाईट स्वप्नं बरीच कमी झाली, झोप सुधारली. करायचं असं की जागेपणी स्वप्न घ्यायचं, त्यात हवा तो बदल करायचा आणि नवीन स्वप्न रोज दिवसा दहा-वीस मिनिटं डोळे मिटून बघायचं. जुनं स्वप्न घोकायचं नाही, फक्त नवीन. झोपताना नको, दुपारी किंवा संध्याकाळी.

बदल कुठला करायचा यात बहुतेक जण चुकतात. मी पहिल्यांदा लिहिलं की मी कोयता घेऊन जातो आणि बाईला पळवून लावतो. चार दिवस केलं, काही नाही, उलट स्वप्नात आता कोयता पण आला आणि तो माझ्या हातात नव्हता! मारामारी टाळा. मग मला आजीचं आठवलं. लहानपणी माडीवर आवाज झाला म्हणून मी रडत उठलेलो तेव्हा ती कुशीवर न वळताच म्हणाली होती, "गप झोप रे. घरात आपलीच माणसा आसत, ती तुका काय करतली?" तर मी नवीन असं लिहिलं: ओटीवर येतो, लाईट आहे, पिवळा बल्ब. बाई जातं फिरवतेय, मी विचारतो, "काय दळतंस?" ती म्हणते, "तांदूळ, उद्या घावने." मी समोर बसून खुंट्याला हात लावतो. पीठ पांढरं पडतंय. बस एवढंच. जितकं साधं, घरगुती, तितकं बरं, आणि वास-स्पर्श घाला, पिठाचा वास, खुंट्याचं गुळगुळीत लाकूड. तुमचं सगळ्यात भयानक स्वप्न पहिल्यांदा घेऊ नका, एखादं मध्यम घ्या, हात बसू द्या. मला साधारण अडीच आठवडे लागले.

सोबत बारीकसारीक दुरुस्त्या. झोपायच्या आधी तासभर भुताचे व्हिडिओ बंद, हे सांगायला नको पण मीच बघायचो. दारू घेत असाल तर, पहिल्या अर्ध्या रात्रीत ती रेम झोप दाबते आणि उतरली की पहाटे तीच झोप उसळून येते, म्हणून पार्टीच्या रात्रीची स्वप्नं अशी असतात. काही बीपीच्या आणि डिप्रेशनच्या गोळ्यांनीही स्वप्नं ठळक होतात, तसा संशय आला तर डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. वाटणीचे फोन मी आठच्या आत घ्यायला लावले, त्यावरून घरात थोडं वाजलं पण झालं.

आई मीठ-मोहरीने दृष्ट काढते म्हणाली, काढू दिली. रामरक्षा म्हणून झोप म्हणाली, तेही केलं, झोपायच्या आधी रोज तेच शांतपणे म्हणण्याने अंग सैल पडतंच, त्यात वाद काय घालायचा. पण कोणी बाबा-मांत्रिकाकडे न्यायला लागलं, अंगातलं काढतो म्हणून मारहाण, धुरी, साखळी असलं काही निघालं, तर तो सरळ गुन्हा आहे, महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि त्यात 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा आहे. नातेवाइकांना हे आकडे तोंडावर सांगता आले पाहिजेत.

डॉक्टरकडे कधी जायचं? झोपायचीच भीती वाटायला लागली, स्वप्न एखाद्या खऱ्या अपघाताचं किंवा अत्याचाराचं असेल, आठवड्यातून बऱ्याचदा पडून दिवस वाया जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. घोरणं जोरात आणि मध्येच श्वास अडकल्यासारखं होत असेल तर तेही तपासा. आणि घरात कोणी वयस्कर माणूस, विशेषतः पुरुष, स्वप्नात खरोखर लाथा-बुक्क्या मारत असेल, पलंगावरून पडत असेल तर हसण्यावारी नेऊ नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

फॅनचं बेअरिंग मी मुद्दाम सगळ्यात शेवटी बदललं, म्हटलं बघू, आवाज चालू असताना फरक पडतो का. पडला. एकदा परत गेलो त्या घरात, ओटीवर लाईट होती, बाई जात्यावर पाठमोरीच होती, पावलं बघायचं सुचलंच नाही, मी विचारलं काय दळतंस, तर वळून न बघता म्हणाली, "तुझो बापूस जेवलो काय?" जाग आली तेव्हा सहा वाजलेले. सकाळी वडिलांना फोन केला, चुलत्यांचा विषय नको म्हटलं, जेवलात का एवढंच विचारलं. सकाळी सातला जेवण कसलं विचारतोस म्हणून ओरडले.