स्वल्पविराम सगळ्यात शेवटी

सातवीत असताना मी मुख्याध्यापकांना उद्देशून एक इंग्रजी पत्र लिहिलं होतं. मधल्या सुट्टीत लायब्ररी उघडी ठेवा, एवढीच मागणी. कच्चा खर्डा झाल्यावर पुढच्या दोन संध्याकाळी मी त्याच्यावर घालवल्या. स्पेलिंग तपासली, 'बिग'चं 'ह्यूज' केलं, 'गुड'चं 'एक्सलंट' केलं आणि सगळं सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवलं. पत्र तपासून परत आलं तेव्हा त्यावर एकही लाल खूण नव्हती. फक्त खाली बाईंनी एक ओळ लिहिली होती : 'मुख्याध्यापकांनी हे का मान्य करावं?'

आता मी स्वतः सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि तीच चूक दरवर्षी नव्यानं पाहते. 'रिव्हाइज करा' म्हटलं की मुलं खोडरबर शोधतात. शब्दाचाही थोडा दोष आहे, कारण रिव्हिजन म्हणजे परीक्षेआधीची उजळणी असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. लेखनात रिव्हाइज करणं म्हणजे पत्राकडे नव्यानं पाहणं : मुद्दा, कारणं, क्रम, सूर. एडिटिंग त्याच्यानंतरचं, म्हणजे व्याकरण, विरामचिन्हं आणि स्पेलिंग. ही दोन कामं एकाच बैठकीत करू नका. जो परिच्छेद उद्या काढून टाकायचा आहे, त्यातले स्वल्पविराम आज नीट करून काय उपयोग? शिवाय ज्या वाक्यावर इतकी मेहनत घेतली ते खोडायला नंतर हात होत नाही.

नॅन्सी सॉमर्स या अमेरिकी अभ्यासिकेनं १९८० साली विद्यार्थ्यांच्या आणि अनुभवी लेखकांच्या दुरुस्तीच्या पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या. विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलत होते. अनुभवी लेखक आपल्या म्हणण्याला आकार सापडतोय का हे बघत होते आणि वाचकाच्या नजरेतून वाचत होते. ते विद्यार्थी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे होते, त्यामुळे सातवीत ही सवय नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. पण आत्ता लागली तर फार बरं.

बाईंच्या त्या एका ओळीनंतर मी काय केलं ते सांगते, कारण आजही मुलांना मी तेच करायला लावते. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, तो परिच्छेद काय काम करतो ते एका ओळीत मराठीत लिहिलं. इंग्रजी पत्राला मराठी ओळ मुद्दामच. मराठीतही सांगता आलं नाही, तर अडचण इंग्रजीची नसून विचाराची आहे हे लगेच कळतं. माझ्या तिन्ही परिच्छेदांपुढे जवळजवळ तेच आलं : 'लायब्ररी चांगली असते.' म्हणजे मी एकच कारण तीनदा, दर वेळी अधिक भारी शब्दांत, सांगितलं होतं. आणि ते कारणही मुख्याध्यापकांना आधीच मान्य होतं! लायब्ररी चांगली असते हे त्यांना कुणी पटवायची गरजच नव्हती.

मग त्यांच्या खुर्चीत बसून विचार केला. त्यांची खरी अडचण कोणती? सुट्टीत तिथं लक्ष कोण ठेवणार, पुस्तकं इकडची तिकडे झाली तर काय. माझ्या पत्रात याबद्दल एक अक्षर नव्हतं. समोरच्याचा आक्षेप आपणच मांडून त्याला उत्तर देणं, याला वर्गात काउंटर-आर्ग्युमेंट म्हणतात. मुलं ते टाळतात, आपली बाजू लंगडी पडेल या भीतीनं. होतं उलटं. आपली अडचण हिनं ओळखली आहे हे दिसलं की वाचणारा पुढचं मन लावून वाचतो. मी लिहिलं की दररोज दोन विद्यार्थी पाळीनं मदतीला थांबतील. 'एव्हरीवन वॉन्ट्स इट' हे वाक्य काढलं. पाच दिवस लायब्ररीच्या बंद दारापाशी किती मुलं येऊन परत जातात ते मोजलं आणि तो आकडा त्या जागी घातला. शेवटच्या 'प्लीज थिंक अबाउट इट'च्या जागी नेमकी मागणी आली : दोन आठवडे करून पाहू या.

सुराकडेही याच टप्प्यावर बघा. 'यू मस्ट' लिहिलं की विनंतीचा हुकूम होतो. 'ऑल', 'नेव्हर', 'ऑलवेज' या शब्दांभोवती गोल करा. एक जरी अपवाद वाचणाऱ्याला आठवला, तरी बाकीच्या पत्रावरचा त्याचा विश्वास डळमळतो.

मग एक रात्र जाऊ द्या. एडिटिंग ताज्या डोळ्यांनी करायचं. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून एकेक वाक्य उलट्या क्रमानं वाचा. अर्थाच्या ओघात वाहून न गेल्यामुळे चुका दिसतात. मराठीत विचार करणाऱ्यांच्या काही चुका ठरलेल्या असतात. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लागत नाही. 'ए' आणि 'द' गळतात, कारण मराठीत ते नाहीतच. दोन पूर्ण वाक्यं आपण सहज स्वल्पविरामानं जोडतो, इंग्रजीत तिथं पूर्णविराम हवा किंवा 'बट', 'सो' असा जोडशब्द. 'इट्स'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी असली तर अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज', नसली तर 'त्याचं'. शंका आली की 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाक्य म्हणून बघा. शेवटच्या 'युअर्स सिन्सिअरली'त फक्त पहिल्या शब्दाचं आद्याक्षर कॅपिटल.

सगळं झालं की पत्र मित्राला मोठ्यानं वाचायला द्या, स्वतः वाचू नका. आपण वाचतो तेव्हा राहून गेलेला शब्द जीभ आपोआप भरते. तो जिथं अडखळेल किंवा मागं जाऊन पुन्हा वाचेल, तिथं पेन्सिलीनं टिंब करा, मध्ये बोलू नका. वाचून झाल्यावर त्याला एकच विचारा : 'मी नेमकं काय मागितलंय?' उत्तर चुकलं तर त्याला समजावत बसू नका. शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहायला घ्या.