आयपीओ भरताना या चुका टाळा (आणि 'सेबीने पास केलाय' हे तर बोलूच नका)

आयपीओ म्हणजे कंपनी पहिल्यांदाच आपले शेअर लोकांना विकायला काढते तो इश्यू. त्यातली सगळ्यात डोक्यात जाणारी चूक आधी. "सेबीने मंजूर केलाय ना, मग कसली भीती?" अरे बाबा, सेबी म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी नियामक संस्था, ती कंपनीला पास-नापास करत नाही. 1992 पर्यंत कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज नावाचं सरकारी खातं होतं, शेअर कितीला विकायचा त्यातही त्यांचाच शब्द चालायचा. ते बंद झालं, त्याच वर्षी सेबीला कायद्याने अधिकार मिळाले आणि पद्धतच बदलली: कंपनीने सगळं उघड सांगायचं, सेबी कागद तपासून शेरे देणार, भाव कंपनी आणि मर्चंट बँकर (इश्यूचं काम बघणारी वित्तसंस्था) ठरवणार, घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

एक इश्यू उघडला त्याच दिवशी ओळखीतल्या एकाचा फोन, "डोळे झाकून भर." म्हटलं, आरएचपी (रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस, कंपनीचं इश्यूआधीचं माहितीपत्रक) उघड आणि डिस्क्लेमर क्लॉज वाच. तिथे ठळक छापलेलं असतं की सेबीकडे कागद दिले म्हणजे सेबीने इश्यू मंजूर केला असं समजू नये. मग 'ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर', म्हणजे पैसा कशासाठी उभारतायत तो भाग, काढायला लावलं. अख्खा इश्यू ऑफर फॉर सेल! म्हणजे जुने शेअरहोल्डर आपला माल विकून मोकळे, कंपनीला एक रुपया नाही, आणि हा धरून बसलेला की नवीन फॅक्टरी येणार. तरी भरलाच, जीएमपी (लिस्टिंगआधीच्या अनधिकृत ग्रे मार्केटमधला जादा भाव) चांगला होता म्हणे. ग्रे मार्केटवर ना सेबीचा कंट्रोल ना एक्सचेंजचा, पण घाई असलेल्यांना कोण सांगणार. एसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम कंपन्यांच्या, इश्यूत तर सेबी शेरेही देत नाही, कागद एक्सचेंजच बघतं.

दुसरं, ग्रुपवरचे 'प्री-आयपीओ', म्हणजे आयपीओ यायच्या आधीच विकले जाणारे, शेअर. कंपनीच दिसेल त्याला नवे शेअर वाटत असेल तर लांब राहा. प्रायव्हेट प्लेसमेंटला (निवडक लोकांना खाजगीत शेअर देण्याला) वर्षात 200 लोकांची मर्यादा आहे, त्यापुढे तो पब्लिक इश्यू, मग प्रॉस्पेक्टस आणि एक्सचेंजवर लिस्टिंग आलंच. सहारा समूहाच्या प्रकरणावेळी मर्यादा 50 ची होती, 'हे खाजगी आहे' म्हणत पैसे गोळा केले कोट्यवधी लोकांकडून, ऑगस्ट 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने 15 टक्के व्याजासकट परत करायला सांगितले.

बाकी नेहमीचंच. एका पॅनवर दोन अर्ज टाकू नका, रिजेक्ट होतात. आईच्या अर्जाला स्वतःचा यूपीआय आयडी नको. मँडेट (यूपीआयवर येणारी पैसे ब्लॉक करायची विनंती) शेवटच्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत अप्रूव्ह करा, मी तर अर्ज टाकला की लगेच करतो. शेअर लागले नाहीत आणि पैसेही ब्लॉकच राहिले तर आधी इश्यूच्या रजिस्ट्रारला (अर्ज आणि शेअरवाटप बघणारी संस्था) मेल, तिथे दाद नाही मिळाली तर सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार.