आधी दरी, मग प्रवाळ: बेळगावातून मालवणला उतरताना

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि मालवणचा धक्का शून्यावर. मधे सह्याद्रीचा कडा. सहलीचा क्रम ही उंचीच ठरवते, तरी बेत आखताना ती कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी मालवणात स्कुबा (पाठीवर हवेची टाकी बांधून मारलेली बुडी), दुपारी माशाचं जेवण आणि रात्री आंबोली चढून घरी, असा बेत सर्रास होतो. तो चुकीचा आहे.

पाण्याखाली दाब वाढतो तसा श्वासातला नायट्रोजन अंगात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण लगेच घाट चढलात तर हवेचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, चक्कर ही त्याची लक्षणं. मालवणात नवख्यांना पाच-आठ मीटरच खाली नेतात, त्यामुळे धोका कमी असतो. तरीही एका डुबकीनंतर १२ तास आणि जास्त डुबक्या झाल्या तर १८ तास, ६०० मीटरच्या वर जाऊ नये. आंबोली ६९० मीटरवर आहे. म्हणून पहिल्या दिवशी दरी बघत उतरा, दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र, रात्री मुक्काम तिथेच, आणि तिसऱ्या दिवशी परत. नुसतं स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीनं श्वास घेत पाण्यावर तरंगून खाली बघणं, करणाऱ्याला हा नियम लागू नाही.

दुसरी अडचण हंगामाची. जो पाऊस दऱ्यांतले धबधबे भरतो, तोच खाड्यांमधून गाळ आणून समुद्र गढूळ करतो. जुलै-ऑगस्टला दरी पाहावी तर तेव्हा मालवणात पाण्यात उतरणं बंद असतं. प्रवाळासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण तोवर धबधबे आटलेले असतात. एकाच फेरीत दोन्ही हवं असेल तर नोव्हेंबर बरा. दरीत धार बारीक असते, पण हवा स्वच्छ असल्याने तळापर्यंत नजर जाते.

हिंडलगा, बाची, शिनोळी करत पाटणे फाट्यापर्यंत रस्ता एकच. तिथून चंदगडवरून आंबोली, नाहीतर तिलारी. तिलारीचा घाट अरुंद आहे, चढ-उतार तीव्र आणि वळणं आवळलेली. ज्याचा हात घाटात बसलेला नाही त्यानं आंबोलीच धरावी. बेळगावपासून ती सुमारे ७० किलोमीटर. उतरताना पहिला-दुसरा गिअर ठेवा. सतत ब्रेकवर पाय राहिला की ब्रेक तापतात आणि करपल्याचा वास येतो. तसं झालं तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि वीसेक मिनिटं थांबा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

आंबोलीजवळच्या कावळेसादला कडा सरळ तुटलेला आहे. पावसाळ्यात दरीतून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, आणि तेच बघायला लोक कठड्यापलीकडे जातात. वरचा थर जांभ्याचा, भोकाभोकांचा आणि शेवाळलेला. काठाचा दगड घट्ट दिसला तरी खालून पोखरलेला असू शकतो. पावसाच्या दिवसांत ओढ्याच्या पात्रातून दरीत शिरायचं असेल तर डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही, पाऊस वरच्या माथ्यावर पडत असतो. पाणी तांबूस झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहायला लागल्या की फोटो सोडून आधी काठ चढा. जळवांसाठी मीठ पुरतं. निपाणीची तंबाखू भिजवून ते पाणी मोज्यांना लावायची पद्धतही आपल्याकडे आहे, फक्त त्या मोज्यांनी गाडीत बसणाऱ्यांचा विचार करा.

आता प्रवाळ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. चित्रातला निळाशार तळ इथे शोधू नका. तपकिरी, हिरवट, मेंदूसारखे गोल नाहीतर ताटासारखे पसरट प्रवाळ खडकाला धरून असतात, आणि चार-सहा मीटर स्पष्ट दिसलं तर तो दिवस चांगला समजावा.

तो दिवस कॅलेंडरवर शोधता येतो. तिथीला तीनानं गुणून चारानं भागलं की भरतीची अंदाजे वेळ निघते, ही कोकणातली जुनी रीत. मालवणात भरती त्याआधी अर्धा-पाऊण तास येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जोराची, तळाचा गाळ उठतो. अष्टमीनंतरच्या दोन-चार दिवसांत भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, म्हणून पाणी शांत. द्वादशीला हिशेब येतो नऊचा, म्हणजे मालवणात सव्वाआठ-साडेआठ. भरतीचा शेवटचा तास पकडा: बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि वारा अजून उठलेला नसतो. दुपारी लाटा वाढतात. एकादशीही चालते, पण उपवास असेल तर मालवणात जाऊन मासा हुकतो, ते तुमचं तुम्ही बघा.

मास्क भाड्यानं घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर बसला. मिशीतून पाणी शिरतं. मिशीवर व्हॅसलीन लावा, नाहीतर वरच्या ओठालगतचे केस कापा. काच धुकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळतात. किळस वाटली तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब. स्कुबात श्वास कधीही रोखू नका: वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. कान दुखायच्या आधीच नाक चिमटून हलकेच फुंका, दर मीटरला. न मोकळे झालेले कान घेऊन खाली गेलात तर पडदा फाटू शकतो. सर्दी असेल तर उतरूच नका.

होडी लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. पोटात दोन इडल्या असाव्यात. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा बरा, कारण काही मलमांतली रसायनं प्रवाळाला बाधतात. पायात रबरी बूट हवेत, खडकावरच्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. पण बूट आहेत म्हणून प्रवाळावर उभं राहू नका, वर्षांची वाढ एका टाचेखाली मोडते. वाळूत पडलेला तुकडाही उचलू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि तो बाळगणं गुन्हा आहे.

परतीच्या दिवशी पहाटेची घाई टाळा. आंबोलीत धुकं असतं आणि रस्त्यावर गवे येतात. गवा आडवा आला तर दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका आणि कळप पूर्ण पलीकडे जाईपर्यंत थांबा. पहिल्यामागे बहुधा आणखी असतात.