जीसीएसई : परीक्षा मेमध्ये, निकाल आधीच अर्धा लागलेला

जीसीएसई म्हणजे इंग्लंडमध्ये इयर ११ च्या शेवटी, साधारण सोळाव्या वर्षी, विषयवार द्यायची परीक्षा. पण तिथे मूल कुठल्या वर्गात बसणार हे मार्कशीट ठरवत नाही, जन्मतारीख ठरवते. ३१ ऑगस्टपर्यंत १४ वर्षं पूर्ण झाली असतील तर इयर १०, १५ पूर्ण असतील तर इयर ११. "नववी झाली आहे, आता दहावीला घाला" या बोलण्याला तिथे फारसा अर्थ नसतो आणि एक वर्ष मागे बसवायला शाळा सहसा तयार होत नाहीत.

पहिली ठेच इथेच लागते. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये नववी संपवून आलेलं मूल वयाने बहुतेकदा थेट इयर ११ मध्ये जातं. वरवर पाहता हिशोब बरोबर आहे, इयर ११ म्हणजे आपली दहावीच. पण आपल्या बोर्डाच्या पेपरात नववीचा अभ्यासक्रम येत नाही. जीसीएसईचा अभ्यासक्रम इयर १० आणि ११ असा दोन वर्षांचा असतो (काही शाळा तो इयर ९ मध्येच सुरू करतात) आणि तो सगळा शेवटच्या मे-जूनमध्ये एकदमच विचारला जातो. म्हणजे सप्टेंबरात इयर ११ मध्ये बसलेल्या मुलाच्या मागे वर्षभराची थकबाकी असते आणि हातात जेमतेम आठ महिने. स्थलांतराची तारीख तुमच्या हातात असेल तर ते इयर १० सुरू होण्याआधी करा, किंवा थेट दहावी उरकून इयर १२ ला. मधल्या काळात येणं सगळ्यांत महाग पडतं.

पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडची पद्धत पूर्ण वेगळी (नॅशनल ५ आणि हायर). वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये जीसीएसईच आहे, पण ग्रेड अजून अक्षरांत देतात.

बोर्ड शाळेचं नसतं, विषयाचं असतं

"तुमच्या शाळेचं बोर्ड कोणतं?" हा प्रश्न तिथे चुकीचा ठरतो. एक्यूए, पिअर्सन एडएक्सेल, ओसीआर आणि एड्युकास ही चार मुख्य परीक्षा मंडळं आहेत. एकाच शाळेत गणित एडएक्सेलचं, विज्ञान एक्यूएचं आणि कॉम्प्युटर सायन्स ओसीआरचं असू शकतं. या सगळ्यांवर ऑफक्वॉल ही नियामक संस्था असते. म्हणून प्रवेश मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात शाळेकडून एक यादी मागून घ्या : प्रत्येक विषयाचं मंडळ, अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक, आणि इंग्रजी साहित्यात नेमलेल्या कृती. शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण सगळ्यांत जास्त घोळ तिथेच होतो. शेक्सपिअरचं एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी, १९१४ नंतरची एक ब्रिटिश कृती आणि कवितांचा एक संच एवढं असतं, पण कुठली कृती हे शाळा निवडते. पेपरला पुस्तक जवळ ठेवता येत नाही, अवतरणं पाठ हवीत. वर्षाच्या मध्ये शाळा बदलली तर अख्खं नाटक नव्याने वाचावं लागतं.

आपल्याकडचं 'पाठ्यपुस्तक' तिथे नाही. अधिकृत कागद म्हणजे मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारा अभ्यासक्रम, त्याला 'स्पेसिफिकेशन' म्हणतात. त्यात नसलेलं पेपरात येत नाही. दुकानातली गाईडं घेताना मुखपृष्ठावर आपल्याच मंडळाचं नाव आहे ना, एवढं पाहा.

ऑप्शन्स, सेट आणि टिअर

इंग्रजी भाषा, गणित आणि विज्ञान सगळ्यांना. इंग्रजी साहित्यही जवळजवळ सगळीकडे असतंच. बाकीचे तीन-चार विषय इयर ९ च्या वसंतात (काही शाळांत इयर ८ मध्ये) एका फॉर्मवर निवडायचे, याला 'ऑप्शन्स' म्हणतात. उशिरा आलेल्या मुलाला जिथे जागा उरली असेल तो विषय मिळतो. विज्ञानाचे दोन प्रकार : 'कम्बाइंड' म्हणजे तिन्ही शाखा मिळून दोन जीसीएसई, आणि 'ट्रिपल' म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी स्वतंत्र. ट्रिपल न मिळाल्यामुळे डॉक्टरकीचं दार बंद होतं ही समजूत चुकीची आहे. कम्बाइंडवरूनही ए-लेव्हलला (जीसीएसईनंतरचा, आपल्या अकरावी-बारावीसारखा टप्पा) विज्ञान घेता येतं, ग्रेड चांगली हवी इतकंच.

खरं दार बंद होतं ते टिअरमुळे, आणि ते इतकं गुपचूप की पालकांना फेब्रुवारीपर्यंत पत्ता लागत नाही. गणित, विज्ञान आणि परदेशी भाषा यांचे पेपर दोन पातळ्यांवर निघतात. 'हायर' टिअरला ९ ते ४ ग्रेड मिळते (थोडक्यात हुकलेल्यांना ३), तर 'फाउंडेशन'ला जास्तीत जास्त ५. फाउंडेशनचे सगळेच्या सगळे गुण मिळवले तरी ५ च्या वर जाता येत नाही. आणि ए-लेव्हल गणिताला बहुतेक ठिकाणी ६ किंवा ७ मागतात.

टिअर कोण ठरवतं? शाळा. कशावरून? मूल कुठल्या 'सेट'मध्ये आहे त्यावरून. सेट म्हणजे त्या विषयापुरती कुवतीनुसार केलेली तुकडी. भारतातून आलेल्या मुलाची नोंद शाळेकडे नसते, इंग्रजी बोलताना ते अडखळतं, आणि जागा असते खालच्या सेटमध्ये. असं बसवलेलं मूल गणितात पक्कं असलं तरी त्याला हायरचा अर्धा अभ्यासक्रम शिकवलाच जात नाही. तेव्हा प्रवेशाच्या वेळीच गणिताची लेखी चाचणी घ्यायला सांगा आणि "हा सेट कुठल्या टिअरला बसतो?" हे स्पष्ट विचारा. उन्हाळी परीक्षेच्या नोंदणीची मुदत साधारण २१ फेब्रुवारीला संपते. टिअर त्यानंतर बदलता येतोही, पण न शिकवलेला भाग तेवढ्यात भरून निघत नाही.

उलट चूकही होते. "हायरच हवा" म्हणून हट्ट धरणाऱ्यांनी गणित कळून घ्यावं. गेल्या काही वर्षांत गणितात ४ ग्रेडसाठी हायरला एकूण गुणांच्या साधारण पाचवा हिस्सा पुरला आहे, फाउंडेशनला मात्र साठ टक्क्यांच्या आसपास लागले आहेत. हायरचे प्रश्न अवघड, फाउंडेशनचे सोपे पण चुकायला वाव कमी. काठावरच्या मुलाला दोन्ही टिअरचे जुने पेपर वेळ लावून सोडवायला द्या आणि मगच भांडा.

नऊ म्हणजे नव्वद टक्के नव्हे

ग्रेड ९ सर्वांत वरची, १ सर्वांत खालची, त्याखाली 'यू', म्हणजे ग्रेडच नाही. ४ ला 'स्टँडर्ड पास', ५ ला 'स्ट्राँग पास' म्हणतात. जुन्या पद्धतीशी जोडायचं तर ७ म्हणजे 'ए'ची सुरुवात आणि ४ म्हणजे 'सी'ची. टक्केवारी कुठेच छापली जात नाही, एकूण बेरीज नाही, क्रमांक नाही, आणि सगळे विषय मिळून 'पास' किंवा 'नापास' असंही काही नाही. आपल्याकडे ३५ चा आकडा दगडावर कोरलेला असतो, तिथे ग्रेडची सीमा पेपर तपासून झाल्यावर ठरते आणि दर वर्षी हलते. पेपर अवघड निघाला तर सीमा खाली येते. म्हणून घरच्या सरावात "ऐंशी टक्के पडले" यापेक्षा त्या वर्षीच्या सीमेनुसार कुठली ग्रेड आली असती हे पाहायचं. सीमा मंडळं निकालाच्या दिवशीच प्रसिद्ध करतात.

एक्यूए आणि एडएक्सेलकडे गणिताचे तीन पेपर : प्रत्येकी दीड तास, ८० गुण. पहिल्यात कॅल्क्युलेटर नाही, उरलेल्या दोन्हींत आहे. आपली मुलं पहिल्यात चमकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्यात गुण घालवतात, कारण कॅल्क्युलेटरची सवयच नसते. ऑगस्टपासूनच एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर हातात द्या. पायऱ्यांना गुण असतात, उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर काही मिळतात. मनातल्या मनात करून नुसतं उत्तर लिहिण्याची हुशारी इथे अंगलट येते.

विज्ञानात पाठांतर फार पुढे नेत नाही. अनोळखी प्रयोगाची आकडेवारी देऊन निष्कर्ष काढायला लावतात आणि किमान १५ टक्के गुण प्रयोगांशी निगडित प्रश्नांना असतात. 'डिस्क्राइब' म्हणजे काय घडतं ते, 'एक्स्प्लेन' म्हणजे का घडतं ते. दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर लिहिलं तर मजकूर शंभर टक्के खरा असूनही गुण हातचे जातात.

परीक्षेच्या खोलीतल्या बारीकसारीक गोष्टी : पेन काळ्या शाईचं, निळं नाही. कंपास पारदर्शक हवा. मनगटी घड्याळ बाहेर काढून ठेवायचं. उत्तरं बहुतेक प्रश्नपत्रिकेतच, दिलेल्या जागेत लिहायची. पुरवणीवर पुरवणी बांधण्याची चुरस इथे नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजीखेरीज बऱ्याच विषयांत द्विभाषी शब्दकोश नेता येतो, पण ती मुलाची वर्गातली नेहमीची सवय असायला हवी, ऐनवेळी मागून मिळत नाही. सरकारी शाळेत परीक्षा शुल्क पालकांना पडत नाही.

मातृभाषेचा जीसीएसई घेऊन एक ग्रेड सहज खिशात टाकण्याची युक्ती गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू बोलणाऱ्यांना जमते. मराठीचा जीसीएसई नाही.

ऑगस्ट आणि पुढे

ए-लेव्हलचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर एका गुरुवारी, जीसीएसईचा त्यानंतरच्या गुरुवारी. पुनर्तपासणी शाळेमार्फतच मागायची आणि गुण वाढतात तसे कमीही होऊ शकतात. गणित किंवा इंग्रजी भाषेत ४ आली नाही तर त्या विषयाचा अभ्यास पुढच्या शिक्षणाबरोबर चालू ठेवावाच लागतो. नोव्हेंबरातली फेरपरीक्षा फक्त या दोनच विषयांची असते.

सिक्स्थ फॉर्मचे (म्हणजे इयर १२-१३ चे) अर्ज मात्र इयर ११ च्या हिवाळ्यात, म्हणजे निकालाच्या कितीतरी आधी जातात. ते जातात शिक्षकांच्या अंदाजी ग्रेडवर, आणि तो अंदाज बऱ्याच अंशी 'मॉक'वरून बांधलेला असतो. पूर्वपरीक्षा हलकी घेण्याची आपली सवय इथे महागात पडते.

ए-लेव्हलला बहुतेक जण तीनच विषय घेतात. पुढे भारतात परतण्याचा थोडाही विचार असेल तर निवड त्या हिशोबाने करा. वैद्यकीयसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही हवेत आणि इंग्रजीची अट कशी पूर्ण होते तेही आधी तपासा. समकक्षतेचा दाखला भारतीय विश्वविद्यालय संघाकडून घ्यावा लागतो. ए-लेव्हलचा निकाल लागेपर्यंत भारतातल्या बऱ्याच प्रवेशफेऱ्या पुढे सरकलेल्या असतात, तेव्हा सोय आधी लावून ठेवा.

आणि निकालाच्या दिवशी हातात पडतो तो कागद म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. मूळ प्रमाणपत्रं हिवाळ्याच्या सुमाराला शाळेत येतात, ती स्वतः जाऊन घ्यायची. न नेलेली प्रमाणपत्रं वर्षभरानंतर नष्ट करायची शाळेला मुभा असते, आणि मग प्रत्येक मंडळाकडे वेगळा अर्ज आणि वेगळी फी.