नववीत अल्जिब्रा १ मिळालं म्हणून घाबरलेल्यांसाठी, कॅलिफोर्नियातून

नाशिकहून आम्ही बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) आलो तेव्हा माझी आठवी नुकतीच संपली होती आणि गणित कच्चं होतं, अपूर्णांक दिसले की माझा हात थांबायचा. इथल्या शाळेने प्लेसमेंट टेस्ट (कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा) घेतली आणि अल्जिब्रा १ मध्ये बसवलं. ओळखीच्या सगळ्या देसी घरांतली मुलं जॉमेट्री (भूमिती) नाहीतर थेट अल्जिब्रा २ मध्ये, म्हणजे एक-दोन वर्षं पुढे. बाबा काही बोलले नाहीत पण रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप उघडून बसायचे, आणि मला वाटायचं की माझ्यामुळे सगळं बिघडलं.

काही बिघडलेलं नसतं. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि कॅल स्टेट या इथल्या सरकारी विद्यापीठांना गणिताची ३ वर्षं लागतात, ४ असली तर चांगलं. नववी अल्जिब्रा १, दहावी जॉमेट्री, अकरावी अल्जिब्रा २, बारावी प्रीकॅल्क्युलस, म्हणजे सरळ चालत गेलात तरी ४ वर्षं होतातच. शिवाय यूसी जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना नववीचे ग्रेड धरतच नाही, नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे धरते. नववीत सी किंवा वर मिळवा आणि पाया पक्का करा, बास. प्रायव्हेट कॉलेजं आपापल्या पद्धतीने बघतात, ते वेगळं.

टेस्टच्या दिवशी ताप होता किंवा इंग्लिशमधली शाब्दिक उदाहरणंच कळली नाहीत असं काही झालं असेल तर गप्प बसू नका. २०१५ च्या कायद्यानुसार इथल्या शाळांना नववीच्या मुलांची गणिताची जागा पहिल्या महिन्यात परत तपासावी लागते आणि पालक दादही मागू शकतात. आम्हाला हे माहीतच नव्हतं.

आता मी जिथे फसले ते सांगते, आणि लांबण लावूनच सांगते.

मला बारावीत कॅल्क्युलस हवंच होतं. कारण काय, तर एका ओळखीच्या काकांनी ठामपणे सांगितलं होतं की कॅल्क्युलस नसेल तर इंजिनिअरिंग विसर. मग नववीनंतरच्या सुट्टीत एक ऑनलाइन जॉमेट्री कोर्स घेतला, सहा आठवड्यांत वर्षाचा कोर्स, वर अ‍ॅक्रेडिटेड म्हणजे मान्यताप्राप्त असं लिहिलेलं. सर्टिफिकेट आलं, शाळेने बघितलं आणि दहावीत अल्जिब्रा २ दिलं. घरी शिरा झाला.

अकरावीच्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या काउन्सेलर (कोर्स निवडायला मदत करणाऱ्या) बदलल्या. नव्या बाईंनी माझं नाव उघडलं, यूसीची ए-जी यादी (प्रवेशासाठी यूसी धरते त्या कोर्सेसची) उघडली, त्या संस्थेचं नाव टाकलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्या वर्षाच्या यादीत तो कोर्सच नव्हता.

अ‍ॅक्रेडिटेड वेगळं आणि ए-जी अप्रूव्ह्ड वेगळं. पहिलं संस्थेबद्दल असतं, दुसरं त्या एका कोर्सबद्दल, आणि तेही त्या वर्षापुरतं. शाळेने क्रेडिट दिलं म्हणजे यूसी देईल असं नाही. आणि जॉमेट्रीच्या बाबतीत अजून एक गोम आहे. अल्जिब्रा १ राहिलं तरी पुढे अल्जिब्रा २ मध्ये सी मिळाला की ते भरून निघतं, जॉमेट्री मात्र घेतलीच नसेल तर वरचा कुठलाच कोर्स ती भरून काढत नाही. यूसीच्या हिशोबात माझी जॉमेट्री झालेलीच नव्हती.

म्हणून अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि जॉमेट्री दोन्ही एकत्र. दुसऱ्या पिरियडला मी नववी-दहावीच्या मुलांमध्ये बसायचे. पहिल्याच आठवड्यात दोन रकान्यांची सिद्धता आली, डावीकडे विधान, उजवीकडे कारण, आणि मला आमच्या नाशिकच्या बाईंचं पक्ष, साध्य, सिद्धता आठवलं. आपल्याकडे बीजगणित-भूमिती एकाच वर्षी बरोबर चालतात, त्यामुळे इथे भूमिती हे एक अख्खं वेगळं वर्ष असतं हे डोक्यात बसायलाच वेळ लागतो. जॉमेट्रीत ए आला. प्रीकॅल्क्युलसमध्ये सी, आणि तो सी जीपीएत धरला गेला. अजून वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

तेव्हा पैसे भरायच्या आधी ए-जी यादीत संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि वर्ष स्वतः बघा आणि काउन्सेलरकडून ई-मेलवर होकार घ्या. तोंडी नको, काउन्सेलर बदलतात. पैसे घेऊन सल्ला देणारे कन्सल्टंट तर मला अजिबात पटत नाहीत, आमच्याकडच्याने ही यादी एकदाही उघडली नव्हती. पुढे पळायचंच असेल तर शाळेचं समर स्कूल बघा, नाहीतर कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे यूसीत जाता येतं). तिथला यूसीला ट्रान्स्फर होणारा एका सेमिस्टरचा ३ युनिटचा कोर्स हायस्कूलच्या एका वर्षाइतका धरतात. पण अल्जिब्रा कच्चं असताना पळू नका, खरंच नका. सुट्टीत रोज तासभर खान अकॅडमीवर अपूर्णांक आणि समीकरणं करा, त्याने जास्त फरक पडतो. मला पडला, पण बारावीत.

मी आता कम्युनिटी कॉलेजात आहे. कॅल्क्युलस १ मध्ये बी मिळाला, कॅल्क्युलस २ सध्या चालू आहे. यूसीच्या सहा कॅम्पसना इथून टॅग म्हणजे प्रवेशाची हमी मिळू शकते, बर्कली, एलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. या सप्टेंबरमध्ये मी यूसी डेव्हिससाठी टॅगचा अर्ज भरणार आहे, आणि या वेळी प्रत्येक कोर्सचं पान बाबांनी आणि मी एकत्र बसून तपासलंय.