दोन गोळ्या, घोंगडी आणि पाइप: विद्युतबल गुरुत्वाशी तोलायचं कसं

सांगलीकडे हा प्रयोग जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी करा. श्रावणातल्या दमट हवेत गोळ्यांवरचा विद्युत प्रभार बघता बघता गळतो.

थर्माकोलच्या दीड सेंटिमीटरच्या दोन सारख्या गोळ्या घ्या आणि त्यांना शिसपेन्सिलीची पूड चोळा. पूड नसेल तर प्रभार स्पर्श झाला तिथेच अडकून बसतो. धागा रेशमाचा हवा. सुती दोरा ओल धरतो, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) वळ सोडत नाही. वजनाला स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही. विट्यासारख्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या गावात सराफी काट्याला काय तोटा! अशाच दहा गोळ्या एकदम तोलून दहाने भागा. एक गोळी ०.०५ ग्रॅम भरली असं धरू.

दोन्ही गोळ्या एकाच खिळ्याला अशा टांगा, की खिळ्यापासून गोळीच्या मध्यापर्यंत ३० सेंमी भरेल. वायरिंगचा पीव्हीसी पाइप घोंगडीवर वीसेक वेळा जोरात घासा आणि गोळ्यांजवळ न्या. गोळ्या आधी पाइपाकडे धावतील, शिवतील आणि झटकन दूर उडतील. आता पाइप लांब न्या. दोघींवर ऋण प्रभार आला, म्हणून त्या एकमेकींपासून फाकून राहतात. पट्टी जवळ नेऊ नका, गोळी तिच्याकडेच ओढली जाते. समोरून फोटो काढा आणि दोन गोळ्यांमधल्या अंतराचं धाग्याशी गुणोत्तर त्यावरच मोजा.

समजा अंतर ६ सेंमी आलं. गुरुत्व खाली ओढतं, विद्युतबल आडवं ढकलतं. धागा या दोघांच्या बेरजेच्या रेषेत ताणतो. बलं काटकोनात आहेत, आकडे सरळ मिळवू नका. आडवं बल = वजन × (३ ÷ ३०) = सुमारे ४.९ × १०⁻⁵ न्यूटन. इथे निम्मं अंतर घ्यायचं, कूलोमच्या सूत्रात (बल = ९ × १०⁹ × दोन्ही प्रभारांचा गुणाकार ÷ अंतराचा वर्ग) मात्र पूर्ण ६ सेंमी. बहुतेकांची गफलत इथेच होते. प्रभार समान धरला तर प्रत्येकीवर ४.४ नॅनोकूलोम (कूलोम हे प्रभाराचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग) निघतो. या दोन गोळ्यांमधलं आपसातलं गुरुत्वाकर्षण काढलंत तर ४.६ × १०⁻¹⁷ न्यूटन, म्हणजे विद्युतबल त्याच्या एक लाख कोटी पट! तरी गोळी खाली लोंबतेच, कारण पृथ्वीचं सगळं वस्तुमान एकाच बाजूने ओढतं. धन-ऋण प्रभार मात्र एकमेकांना खोडतात.

एक गोळी कमी फाकली तर तिच्यावर प्रभार कमी, असं समजू नका. बल दोघींवर सारखंच असतं; कमी फाकलेली गोळी जड आहे, पुन्हा तोला. आणि अंतर ६ वरून ३ सेंमीवर आलं, तर अंतराबरोबर आडवं बलही निम्मं झालेलं असतं, म्हणून प्रभार निम्मा नव्हे, जेमतेम ३५ टक्के उरलेला असतो.