पिसवांचं औषध लागू पडत नाही? या चुका होत नाहीत ना, बघा

"ड्रॉप्स टाकून आठवडा झाला, पिसवा जशाच्या तशा. औषध बोगस निघालं." पावसाळा लागला की कुत्रा पाळणाऱ्यांच्या गप्पांत ही तक्रार हमखास येते. मग दुसरं औषध, त्यावर शाम्पू, त्यावर शेजाऱ्यांनी सुचवलेली पावडर. कुत्रा बिचारा रसायनांत न्हाऊन निघतो आणि पिसवा मजेत राहतात. माझ्या मते यातल्या बहुतेक वेळा औषध बोगस नसतंच. ते भलत्याच किड्यासाठी आणलेलं असतं, वजनाला पुरेसं नसतं, किंवा घरात दडलेली पिसवांची पिलावळ कुणी मोजलेलीच नसते.

पिसू की गोचीड, हे न बघताच औषध आणणं

दुकानात जाऊन "टिक्सचं काहीतरी द्या" म्हणायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. गोचीड कातडीला घट्ट चिकटून बसतो आणि रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखा टम्म फुगतो. पिसू तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, केसांतून सुळकन पळते आणि उडी मारते. ती दिसतेच असं नाही, कारण खाजवून आणि चावून कुत्रा स्वतःच बऱ्याच पिसवा गिळून टाकतो.

खात्री करायची सोपी रीत आहे. उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या आणि शेपटीच्या बुडाशी, पाठीवर कातडीलगत फिरवा. फणीत जे येईल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. काळे कण पाण्यात विरघळून भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कण काळेच राहिले तर ती अंगणातली माती.

हे आधी का बघायचं, तर औषधांचं काम ठरलेलं असतं. अमिट्राझचं पाण्यात मिसळून लावायचं औषध गोचिडांवर आणि खरजेच्या किड्यांवर चालतं, पिसवांवर त्याचा भरवसा नाही. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचंही तेच. "एक सुई मारली की सगळं जातं" हे पिसवांना लागू नाही. शिवाय कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींतल्या अनेक कुत्र्यांत असा जनुकदोष असतो की आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस त्यांच्या मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेततो.

आपल्या हवेत पिसवा आणि गोचीड दोन्ही गृहीत धरूनच औषध निवडावं. गोचिडांमुळे अर्लिकिया आणि बॅबेसियासारखे आजार होतात, ज्यांना सगळे सरसकट टिक फीव्हर म्हणतात, आणि त्यात कुत्री दगावतात. दोन्हींवर चालणारी औषधं मिळतात: मानेवर टाकायचं फिप्रोनिल, किंवा फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सॅरोलेनर यांपैकी एखादं असलेली चघळायची गोळी. खोक्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटक काय लिहिलाय ते वाचा. दोन कंपन्यांची दोन खोकी आणि आत एकच औषध, असं सर्रास असतं. एकाने काम झालं नाही म्हणून दुसरं आणणारा माणूस पुष्कळदा तेच औषध पुन्हा विकत घेत असतो.

ड्रॉप्स केसांवर, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ

ड्रॉप्स कातडीवर पडायला हवेत. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केसांचा भांग पाडायचा, गुलाबी कातडी दिसली की नळीचं टोक तिला टेकवायचं आणि दाबायचं. जर्मन शेफर्ड किंवा स्पिट्झच्या दाट केसांत हे एकट्याने जमत नाही, दुसऱ्या कुणीतरी भांग धरावा लागतो. केस ओले होऊन चिकट दिसले तर निम्मं औषध वरच राहिलं समजा.

फिप्रोनिल कातडीच्या तेलात मिसळून हळूहळू अंगभर पसरतं. म्हणून टाकण्याआधी दोन दिवस आणि टाकल्यावर दोन दिवस आंघोळ नको. कुत्र्याला स्वच्छ धुऊन, वाळवून, मग त्याच संध्याकाळी ड्रॉप्स टाकणारे पुष्कळ आहेत. दिसायला शहाणपणाचं वाटतं, पण शाम्पूने तेल निघून गेलेलं असतं आणि औषधाला पसरायला वाटच उरत नाही. दर रविवारी शाम्पू लागणारा कुत्रा असेल किंवा विहिरीत, समुद्रात उड्या मारणारा असेल, तर सरळ गोळी घ्यावी हे माझं मत.

पिसवांचा शाम्पू हे तर वेगळंच प्रकरण. अंगावर असलेल्या पिसवा तो मारतो, पण पाण्याबरोबर निघून जातो. दुसऱ्या दिवशी सतरंजीवरून नवीन पिसू चढली तर तिला अडवणारं अंगावर काही नसतं.

वजन अंदाजाने सांगणं

फिप्रोनिलच्या नळ्या साधारणपणे 10 किलोपर्यंत, 10 ते 20, 20 ते 40 आणि 40 ते 60 किलो अशा येतात. गोळ्यांचे टप्पे वेगळे. "असेल बारा-पंधरा किलोचा" असं सांगून आणलेली नळी 22 किलोच्या लॅब्राडॉरला पुरत नाही. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, वजाबाकी करायची. उचलणं शक्य नसेल तर दवाखान्यातला काटा आहेच. वाढत्या पिल्लाचं वजन दर वेळी नव्याने करायचं.

मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोन छोट्यांना अर्धी-अर्धी देण्याची काटकसरही नको. औषध गोळीत सगळीकडे सारखं असेल याची खात्री नसते. आणि पोटात जाणाऱ्या औषधाच्या सूचना एकसारख्या नसतात: फ्लुरालेनर जेवणाबरोबर दिलं तर नीट शोषलं जातं आणि पिसवांवर 12 आठवडे चालतं, अफोक्सोलेनर महिन्याने पुन्हा द्यावं लागतं. चघळायची गोळी म्हणजे तीन महिन्यांची निश्चिंती, असं सरसकट धरून बसू नका.

घर विसरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा छोटा भाग. रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, दिवसाला 40 ते 50 पर्यंत. ती अंडी केसांना चिकटत नाहीत, कुत्रा जिथे झोपतो, अंग झटकतो तिथे गळून पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेडापासून पळतात: सोफ्याच्या फटीत, गोणपाटाखाली, शहाबादी फरशीच्या सांध्यांत, गाडीच्या सीटखाली. तिथे त्या कोष करतात, आणि कोषातल्या पिसवेपर्यंत फवारा सहसा पोचतच नाही.

कोषातली पिसू महिनोन् महिने थांबू शकते. ऊब, पावलांचा हादरा आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर पडते. गणपतीला घर बंद करून गावी गेलेलं कुटुंब परत येतं आणि दार उघडल्यावर घोट्याला कडाकड चावे बसतात, ते यामुळे. कुत्रा सोबत गावीच होता, मग घरात पिसवा आल्या कुठून, असा प्रश्न पडतो. त्या आधीपासूनच तिथे होत्या.

म्हणून पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी नवीन पिसवा दिसल्या तर तो औषधाचा पराभव नाही. त्या कोषातून नुकत्याच निघालेल्या आहेत. कुत्र्यावर चढतील, चावतील आणि मरतील. गोळी दिलेली असेल तर मरण्यासाठी त्यांना चावावंच लागतं. घर पूर्ण मोकळं व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात आणि तोवर एकही डोस चुकवून चालत नाही. या मधल्या काळात धीर सोडून औषध बदलणारेच जास्त.

घरात करायचं ते एवढंच: कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवायचं, सोफा आणि गाडी व्हॅक्यूम करायची, आणि व्हॅक्यूममधला कचरा लगेच पिशवीत बांधून बाहेर टाकायचा. केरसुणीने फटीतलं काही निघत नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. गोणपाट धुण्यापेक्षा फेकून द्यावं. पेस्ट कंट्रोल बोलवाल तर "पिसवा आहेत" असं सांगून बोलवा आणि अळ्यांची वाढ रोखणारं मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन त्यांच्याकडे आहे का ते विचारा. फिशटँक असेल तर तो झाकून त्याचा हवेचा पंप बंद ठेवायचा, कारण फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड औषधं माशांना मारतात. घरात दोन कुत्री असतील तर दोघांनाही एकाच दिवशी औषध.

"उन्हाळ्यात नसतात, तेव्हा बंद करू" हे कोकणात, मुंबईत चालत नाही. तिथला दमटपणा अळ्यांना बारमाही पुरतो. विदर्भात मे महिन्याच्या कोरड्या उन्हात अंगणातल्या अळ्या मरतात हे खरं, पण दिवसभर कूलर चालणाऱ्या खोलीत त्यांना हवा तो ओलावा मिळू शकतो.

मांजराचा विचार न करणं

कुत्र्यांच्या काही ड्रॉप्समध्ये पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला नाही. तिचं यकृत ते मोडू शकत नाही. अंग थरथरायला लागतं, झटके येतात, मांजर दगावते. नुसतं औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपली तरी धोका असतो. घरात मांजर असेल तर दुकानदाराला हे आधी सांगा. ससा असेल तर त्याच्या अंगाला फिप्रोनिल लागू देऊ नका.

गोठ्यातलं आणि शेतातलं औषध

गुरांच्या गोचिडांसाठी आणलेली डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनची बाटली घरात असतेच, मग "थोडंसं कुत्र्यालाही". प्रमाण म्हशीच्या हिशेबाचं, आणि म्हैस अंग चाटते त्याहून कुत्रा कितीतरी जास्त चाटतो. रॉकेल, तंबाखूचं पाणी, डांबरगोळ्या, टी ट्री ऑइल, जेवणात लसूण: हे सगळे उपाय आपुलकीने सांगितले जातात आणि सगळे विषारी आहेत. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घालायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला बहुतेक ड्रॉप्स आणि गोळ्या चालत नाहीत. तिथे फणी, कोमट पाण्याची आंघोळ आणि डॉक्टर. खूप पिसवा झालेल्या पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थांबू नका, ते रक्त कमी झाल्याचं लक्षण आहे. ज्या कुत्र्याला कधी फिट आली आहे त्याला फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सॅरोलेनर या गटातल्या गोळ्या देण्याआधी डॉक्टरांशी बोलणं गरजेचं. या गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर आणि झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये दिला होता. बाकी बहुसंख्य कुत्र्यांना त्या सोसतात, त्यामुळे घाबरून सोडून देण्यातही अर्थ नाही.

पिसवा गेल्या, खाज राहिली

काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच अ‍ॅलर्जी असते. त्यांना एखाददुसरा चावाही पुरतो, आणि शेपटीच्या बुडाशी केस झडून कातडी लाल पडते. फणीत काही सापडत नाही, म्हणून "पिसवा नाहीतच" असं मालक छातीठोकपणे सांगतो. इथे पिसवांच्या औषधाबरोबर खाजेवरचा वेगळा उपचार लागतो. उलट खाज कानांच्या कडांना, कोपरांना जास्त असेल तर खरूज असू शकते आणि तिचं औषध निराळं.

अंथरुणावर किंवा कुत्र्याच्या गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. पिसू गिळल्यामुळेच तो पोटात जातो, म्हणून पिसवांचं औषध आणि प्राझिक्वांटेलची जंताची गोळी जोडीने द्यावी लागते. नुसती जंताची गोळी दिली तर पुढची पिसू गिळली की तुकडे पुन्हा दिसणार.

ड्रॉप्सनंतर कुत्रा लाळ गाळू लागला, लडखडला किंवा थरथरू लागला, तर औषध टाकलेली जागा भांड्याच्या साबणाने धुवा, त्याला चाटू देऊ नका आणि खोकं सोबत घेऊनच दवाखाना गाठा. डॉक्टरांना ब्रँडचं नाव सांगून फारसा उपयोग नसतो, त्यांना घटक आणि टक्केवारी हवी असते.